दोन रंगांचं विणकाम: चौकोन निवडण्याआधी तो उलटा करून बघा

चार-सहा जणी मिळून एक पांघरूण विणायचं ठरतं. प्रत्येकीनं ठरलेल्या मापाचे चौकोन विणायचे, शेवटी सगळे जोडायचे आणि या निमित्तानं दोन रंगांनी विणायला शिकायचं. मग फोटो फिरू लागतात. कुणी आठ पाकळ्यांच्या फुलाचा हातमोजा दाखवते, कुणाला ब्रिओश नावाची फुगीर, ताणणारी वीण हवी असते, कुणाला मधोमध एक बदक. सगळे फोटो अर्थातच सुलट बाजूचे.

अशा दोन पांघरुणांत मी चौकोन दिले आहेत आणि पहिल्या वेळी वीण निवडताना सपशेल चुकले. तेव्हापासून कुठलाही नमुना आधी उलटा करून बघते. स्वेटरला आतली बाजू असते, पांघरुणाला ती नसतेच. झटकलं, पायांवर ओढलं, घडी मोडली की मागची बाजू वर येते आणि तिथल्या सैल धाग्यात अंगठी, नाहीतर लहान मुलाचं बोट अडकतं. तेव्हा स्ट्रँडेड, मोझॅक, इंटार्शिया, डबल निटिंग आणि ब्रिओश या दोन रंगांच्या पाच विणींपैकी कोणती घ्यायची, या प्रश्नाकडे मी मागच्या बाजूनंच जाते.

सगळ्यात जास्त मोह होतो तो स्ट्रँडेड विणीचा, म्हणजे एकाच ओळीत दोन्ही धागे सोबत चालवायच्या विणीचा. बहुतेक जणी तिला सरसकट फेअर आइल म्हणतात. खरं तर फेअर आइल हे स्कॉटलंडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांच्या मधलं चिमुकलं बेट, आणि तिथली वीण हा या मोठ्या कुटुंबातला एक प्रकार. १९२२ मध्ये तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे आठवे एडवर्ड, गोल्फच्या मैदानावर तिथला स्वेटर घालून आले आणि ती फॅशन झाली. चित्रात कितीही रंग दिसले तरी पारंपरिक फेअर आइलमध्ये एका ओळीत दोनच रंग असतात. जो रंग त्या टाक्याला नको, तो मागून पुढं जातो. या मागच्या आडव्या धाग्यांना फ्लोट म्हणतात.

आता ही वीण कशावर वाढली ते बघा. टोप्या, मोजे, हातमोजे, बंद गळ्याचे स्वेटर. नॉर्वेतल्या सेल्बूचे काळे-पांढरे हातमोजे घ्या, तेही तसेच. सगळ्या नळ्या. गोल विणायचं, सुलट बाजू कायम डोळ्यांसमोर, मागचे धागे आत बंद आणि वर त्या धाग्यांच्या थरामुळे जास्त ऊब. सपाट चौकोनात ऊब सोडली तर यातली एकही सोय उरत नाही. प्रत्येक दुसरी ओळ उलट विणायची, तीही दोन धागे सांभाळून. दोन्ही कडांना शेवटच्या टाक्यात दुसरा धागा अडकवला नाही तर कड सुटी पडते. आणि फ्लोट सगळे उघड्यावर.

माझं चुकलं ते इथंच. माप काढायला नमुन्याचा तुकडा साध्या एकरंगी विणीत केला, १० सेंटिमीटरला २२ टाके आले, म्हणून २० सेंटिमीटरच्या चौकोनाला ४४ टाके घातले. नक्षी झकास आली. सुई काढून मोजते तर रुंदी १७! मागचे धागे ताणून ओढल्यामुळे कापड पोटातून आवळलं होतं. धुऊन, टाचण्या लावून ओढलं तरी एकच सेंटिमीटर सुटला. मागचा धागाच आखूड असेल तर कापड कितीही ओढा, ते परत जागेवर जातं. उपाय साधा आहे, पण हाताला बसायला वेळ लागतो: रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरायचे, मग नवा रंग घ्यायचा. धागा पाच टाक्यांपेक्षा जास्त लांब जाणार असेल तर मध्ये एकदा मागं अडकवायचा. सुई अर्ध्या मिलिमीटरनं मोठी घेतली तर आणखी बरं. आणि नमुन्याचा तुकडा दोन रंगांतच विणायचा.

एकत्र विणताना आणखी एक गंमत होते. दोन धाग्यांपैकी जो खालून येतो, त्याचे टाके किंचित मोठे दिसतात आणि तो रंग उठून येतो. एकीनं नक्षीचा रंग खालून घेतला आणि दुसरीनं वरून, तर एकाच ग्राफवरून (नक्षीच्या चौकटींच्या आराखड्यावरून) विणलेले दोन चौकोन दोन वेगळ्या नक्ष्यांसारखे दिसतात. आमचे तसेच दिसले. आम्ही बराच वेळ लोकरीला दोष देत बसलो होतो. नक्षीचा रंग खाली, जमिनीचा (म्हणजे पार्श्वभूमीचा) वर, एवढं पहिल्या दिवशी ठरवून घेतलं असतं तर वाद टळला असता.

मोझॅक विणीत एका वेळी हातात एकच धागा असतो. शिकायला हीच सर्वांत सोपी, आणि दिसायला मात्र वाटत नाही. दोन ओळी गडद रंगानं, दोन ओळी फिक्यानं, असे पट्टे विणत जायचं. ज्या टाक्याला खालचाच रंग ठेवायचा असेल तो न विणता नुसता उचलून घ्यायचा. नक्षी त्या उचललेल्या टाक्यांतून तयार होते.

हात बसवायला हा छोटा तुकडा विणून बघा. फिक्या रंगानं २५ टाके घाला आणि एक ओळ सुलट विणा. आता गडद रंग जोडा: एक टाका सुलट, मग 'एक उचला, एक सुलट' असं शेवटपर्यंत. परत येताना तेच टाके उचला, बाकीचे सुलट विणा. मग फिका रंग: दोन सुलट, मग 'एक उचला, एक सुलट', शेवटचा टाका सुलट. परतीची ओळ पुन्हा तशीच. या चार ओळी चार-पाच वेळा केल्या की ठिपक्यांचं कापड दिसायला लागतं. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच. टाका उचलताना सुई उलट टाक्यासारखी घालायची, नाहीतर टाका पिळतो. आणि उचलताना धागा कायम कापडाच्या उलट्या बाजूला हवा, म्हणजे जाताना मागं आणि परतताना पुढं, आपल्याकडे.

तुकडा उलटा केलात की मागं जवळजवळ साधे आडवे पट्टे दिसतील. फ्लोट आहेत, पण एक ते तीन टाक्यांचे, बोट अडकणार नाही इतके आखूड. सगळ्या ओळी सुलट असल्यामुळे कडा वळत नाहीत, हा पांघरुणासाठी मोठा फायदा. ग्राफही सुटसुटीत: ग्राफवरची एक ओळ म्हणजे विणायच्या दोन, आणि परतताना ग्राफकडे बघायची गरजच नाही. हे नाव आणि ही ग्राफची पद्धत रूढ झाली ती अमेरिकेच्या विणकाम-लेखिका बार्बरा वॉकर यांच्यामुळे, १९७० च्या दशकात.

मर्यादा आहेतच. नक्षी कोनांची आणि रेषांची निघते. भुलभुलैया, जाळी, पायऱ्या सुंदर येतात, पण बदक येत नाही. फुलाची गोलाई तर विसराच. आणि उचललेले टाके कापड उभ्या दिशेनं आखडतात. एरवी सगळ्या ओळी सुलट असलेल्या चौकोनाला टाक्यांच्या साधारण दुप्पट ओळी लागतात, ४० टाक्यांना ८०. मोझॅकला त्याहून थोड्या जास्त लागतील, किती ते तुमचा हात ठरवेल.

बदकच हवं असेल तर इंटार्शिया. लहान मुलाच्या स्वेटरच्या छातीवर एकच चित्र असतं ना, ते. इथं मागून धागा ओढायचा नाही. प्रत्येक रंगाच्या तुकड्याला स्वतःची छोटी लडी, आणि रंग बदलतो तिथं दोन धागे एकमेकांभोवती एकदा फिरवायचे. फिरवायला विसरलात तर तिथं उभी फट पडते. ही वीण सपाट कामासाठीच आहे, गोल विणताना अडचणच होते, म्हणजे चौकोनाशी हिचं जमायला हवं. जमतंही. कापड एकपदरी, मऊ, मागची बाजू सपाट.

फक्त धाग्यांची टोकं मोजा. जमिनीवर एक साधं हृदय म्हटलं तरी डावीकडची जमीन, हृदय आणि उजवीकडची जमीन अशा किमान तीन लड्या, म्हणजे निदान सहा टोकं. चित्र जरा गुंतागुंतीचं झालं की टोकं वीसवर जातात आणि पांघरुणात प्रत्येक टोक दोन दिशांनी ओवून पक्कं करावं लागतं, कारण ते वापरून वापरून धुतलं जाणार असतं. विणायला दोन संध्याकाळी लागल्या तर टोकं लपवायला तिसरी. ज्यांना सुईत धागा ओवायचा कंटाळा आहे (मला आहे), त्यांनी या वाटेला जाऊ नये. शिवाय चित्राच्या कडेचे टाके पहिल्या प्रयत्नात सैल पडतातच, आणि नवशिकीला वाटतं आपल्याला विणताच येत नाही. माझ्या मते पहिला चौकोन म्हणून ही वीण वाईट. तिसरा-चौथा म्हणून छान.

मागच्या बाजूचा प्रश्न मुळातच मिटवते ती डबल निटिंग. एकाच सुईवर दोन पदर एकदम विणायचे. समोर निळ्यावर पांढरं फूल असेल तर मागं पांढऱ्यावर निळं. समोरच्या पदराचा टाका सुलट विणताना दोन्ही धागे मागं, मागच्या पदराचा टाका उलट विणताना दोन्ही धागे पुढं. एक जरी धागा सोबत न्यायला विसरलात की समोरच्या बाजूला त्याची आडवी रेघ उमटते. पांघरुणासाठी याहून देखणं काही नाही. पण ४४ टाक्यांच्या चौकोनाला सुईवर ८८ टाके, लोकर जवळपास दुप्पट, वेळही तसाच, आणि कापड पसरट होतं म्हणून सुई एक-दोन नंबर बारीक घ्यावी लागते. सगळं पांघरूण असं केलंत तर ते सतरंजीइतकं जड होईल. कुणी एकटीनं एक चौकोन डबल केला, तर शेजारच्या एकपदरी चौकोनांना तो आपल्या वजनानं ओढत राहतो.

दुरंगी ब्रिओशबद्दल थोडक्यात: मागची बाजूही देखणी, स्पर्श अप्रतिम, पण इथं नको. प्रत्येक ओळ दोनदा विणायची, एकेका रंगानं, त्यासाठी दोन्ही बाजूंनी टोकदार किंवा गोलाकार सुई हवी. चुकलेला टाका सोडवून परत उचलणं नवीन हाताला फार अवघड जातं. आणि ते कापड रबरासारखं ताणतं, बाकीच्या चौकोनांशी त्याचं माप कधीच जुळत नाही. ब्रिओशचा मफलर करा.

आता जोडणीबद्दल, कारण पाच जणींचे पाच हात तिथंच कळतात. माप टाक्यांत ठरवू नका, सेंटिमीटरमध्ये ठरवा, तेही धुऊन वाळवल्यानंतरचं. प्रत्येक चौकोन मापापेक्षा सेंटिमीटरभर लहान ठेवायचा आणि चारही बाजूंनी एकाच रंगाची सुलट ओळींची किनार विणायची, प्रत्येक कडेला सगळ्यांचे टाके सारखेच उचलून. जोडताना मग किनारीला किनार भेटते, टाक्याला टाका लागतो, आतली वीण कुठलीही असो. लोकर मात्र सगळ्यांची एकच हवी. ॲक्रिलिकच्या शेजारी शुद्ध लोकर ठेवली की धुण्यात दोघी वेगळ्या वागतात.

रंग निवडताना दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर नक्षी विणूनही दिसणार नाही. लाल-हिरव्याची जोडी इथं हमखास फसवते. आणि गडद रंगाचा हातभर धागा ओला करून पांढऱ्या कपड्यात दाबून ठेवा. लाल सुटतो का, हे पांढऱ्याशेजारी विणण्याआधी कळलेलं बरं.

मला विचाराल तर: गटात कुणीच दोन रंगांनी विणलेलं नसेल तर सगळ्यांनी मोझॅकच घ्या, नक्ष्या वेगवेगळ्या ठेवा. एकीला अडलं तर दुसरी सांगू शकते, आणि एकत्र विणण्यात शिकायला मिळतं ते मुख्यतः एवढ्यामुळेच. प्रत्येकीनं वेगळी वीण घ्यायची ही कल्पना ऐकायला आकर्षक आहे, पण मग प्रत्येक जण एकटीच शिकते आणि जोडायची वेळ आली की कपाळाला हात. थोडा सराव असेल तर मोझॅकच्या जोडीला चार-दोन चौकोन इंटार्शियाचे घ्या, दोन्ही एकपदरी असल्यानं शेजारी नांदतात. पातळ अंगाचं, दोन्हीकडून बघण्यासारखं छोटं पांघरूण हवं असेल आणि घाई नसेल, तर बारीक लोकर घेऊन सगळ्यांनी डबल निटिंग. अर्धं डबल, अर्धं साधं असं नको.

आणि ज्यांना खरं तर स्ट्रँडेडच शिकायचंय, गळ्याभोवती नक्षीचा स्वेटर डोळ्यांसमोर आहे, त्यांनी पांघरुणाच्या नादाला न लागता टोपी विणावी. चौकोनाचाच हट्ट असेल तर एक पळवाट आहे: गोल सुईवर दुप्पट टाके घालून नळी विणायची, चपटी करायची आणि वर-खाली शिवून टाकायची. दोन पदर, मागचे सगळे धागे आत बंद, आणि एकही उलट ओळ नाही. पांघरुणात ती जड पडते. मी माझ्या १७ सेंटिमीटरवाल्या चौकोनांनंतर तसंच विणलं, आत कापूस भरला आणि उशी केली.