एमओटी ‘पास’ असलेली डीआर

कागद खरा होता. म्हणून तर फसलो.

इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन सहा वर्षं झाली. इथून तासाभरावर यॉर्कशायर डेल्समध्ये दगडमातीच्या जुन्या वाटा आहेत, त्यातल्या काहींवर मोटरसायकल न्यायला मुभा आहे. वाट कितीही चिखलाची असो, कायद्याने तो रस्ताच. नंबर, विमा, एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची इथली सक्तीची तपासणी) सगळं लागतं. म्हणून मी रस्त्यावरही चालेल अशी जुनी डोंगरी गाडी शोधत होतो. मिळाली १९९६ची सुझुकी डीआर ३५०. जाहिरातीत लिहिलेलं : ९,००० मैल, एमओटी १० महिने शिल्लक.

मी मूळचा कराडचा. आपल्याकडे खासगी दुचाकीला पहिली १५ वर्षं फिटनेसचं कोणी विचारत नाही, मधे काय ती पीयूसी. त्यामुळे एमओटी म्हणजे पीयूसीचा थोरला भाऊ, असं माझ्या डोक्यात. प्रत्यक्षात उलटं आहे. मोटरसायकलच्या एमओटीत धूर मोजतच नाहीत. बाकी ब्रेक, टायर, दिवे, शॉकअप, चेन, सायलेन्सर सगळं हलवून-वाकवून बघतात. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी.

विकणारा भेटला एका औद्योगिक वसाहतीत, निळ्या शटरच्या गाळ्यासमोर. घरी का नाही, हे मी विचारलं नाही. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव दुसऱ्याचं. म्हणाला, मित्राची गाडी आहे, तो परदेशी गेलाय. लॉगबुक हा मालकीचा पुरावा नाही, असं त्या लॉगबुकावरच छापलेलं असतं. मी वाचलं, आणि घडी घालून खिशात ठेवलं. फोनवर त्याने एमओटीचा हिरवा ‘पास’ दाखवला. १,६५० पौंड, रोख.

गाडी दहा महिने छान पळाली. वाईट बोलायला जागा नव्हती.

मग एमओटीची तारीख आली. आमच्या भागातल्या तपासनिसाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या टायरवर बोट ठेवलं. बटणाचा टायर (चिखलात पकड घेणाऱ्या मोठ्या गुठळ्यांचा), कडेला बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर हायवे यूज’. तिथेच नापास, नक्षी किती खोल आहे हे बघायचीही गरज नाही. सायलेन्सरवर ‘नॉट फॉर रोड यूज’चा ठसा. तोही नापास. हेडलाइटचा झोत झाडाच्या शेंड्यावर. मग त्याने पुढचं चाक अधांतरी धरून हँडल हळूच फिरवलं आणि मला करायला सांगितलं. मधोमध आल्यावर खट्कन अडकत होतं : कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला. मागचं चाक धरून वर-खाली केलं तर ते चाक धरणारा चिमटाही खुळखुळतोय. गाडी घेताना मी इंजिनाचा आवाज ऐकत बसलो होतो. हे दोन हात मारून बघायला दोन मिनिटं पुरली असती. डीआरला साइड स्टँडच आहे, त्यामुळे गाडी रेलवून धरायला सोबत एक माणूस हवा, एवढंच.

‘ही गेल्या वर्षी पास कशी झाली?’ मी विचारलं. त्याने संगणक माझ्याकडे वळवला.

सरकारी संकेतस्थळावर कुठल्याही गाडीचा नंबर टाका, २००५पासूनच्या एमओटीची नोंद फुकट दिसते. मी फक्त तो हिरवा शब्द पाहिला होता. त्याखाली शेरा होता : दिवे नाहीत, गाडी फक्त दिवसाउजेडी वापरावी. नियमच तसा आहे. पुढचा-मागचा दिवा नसेल, किंवा तोडून वा झाकून कायमचा बंद केलेला असेल, तर दिव्यांची तपासणी होत नाही. पास झाल्यावर गड्याने स्वस्तातला दिवा जोडून मला ऐटीत लावून दाखवला. आणि ९,००० मैल? चार वर्षांपूर्वीच्या नोंदीत ३१,०००च्या वर आकडा होता, पुढच्या नोंदीत थेट ४,०००. मीटरच बदललेला.

लॉगबुकावरचा क्रमांक टाकला की तपासणी कुठे झाली तेही कळतं. मी तिथे गेलो. त्या माणसाला गाडी आठवत होती. रस्त्याचे टायर होते, कंपनीचा सायलेन्सर होता, म्हणाला. म्हणजे उसन्या सामानावर पास करून घ्यायची आणि घरी नेऊन सामान परत काढायचं. चाकांची एक जोडी आणि एक सायलेन्सर जवळ ठेवला की झालं. त्यावर किती डीआर ‘पास’ झाल्या असतील कोण जाणे. कोनसेटचं विचारल्यावर मात्र तो गप्प झाला. पासच चुकीचं दिलं अशी तक्रार तपासणीनंतर २८ दिवसांत करावी लागते. त्या तपासणीला वर्ष होत आलं होतं.

या अवस्थेत पोलिसांनी अडवलं असतं तर एकट्या टायरसाठी २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ दंडाचे पॉइंट. आणि तो चालवणाऱ्याला.

खासगी विक्रीतही वस्तू वर्णनाबरहुकूम असावी लागते, आणि मैलांचा आकडा हे वर्णनच. छोट्या दाव्यांच्या कोर्टात १०,००० पौंडांपर्यंत जाता येतं. पण दावा लावायला नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे होता एक बंद फोननंबर आणि लॉगबुकावरचा माणूस, ज्याने गाडी कधीच विकून टाकली होती. तो परदेशी वगैरे गेलेला नव्हता. मी पत्र पाठवलं तर बिचाऱ्याने उत्तर दिलं. रोखीची पावती मी घेतली नव्हती. बायको अजून हे वाक्य जेवताना काढते.

टायर, जुना सायलेन्सर, कोनसेट, चिमट्याचे बेअरिंग मिळून ५४० पौंड. गाडी आता खरोखर पास आहे, चेन ताणल्याच्या एका शेऱ्यासह.

गेल्या आठवड्यात एक जाहिरात दिसली. दुसरी गाडी, एमओटी ११ महिने, मागे तेच निळं शटर. नंबरप्लेट फोटोत पुसून टाकलेली. नवीन खातं उघडून मी नंबर विचारलाय. मेसेज वाचल्याची खूण दिसते, उत्तर नाही.