कॉर्व्हेट घेताय? नंबर जुळले म्हणून पैसे देऊ नका

गेल्या उन्हाळ्यात मी इथे मिशिगनमध्ये १९६७ ची कॉर्व्हेट स्टिंग रे घेतली, शेव्हर्ले कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार. उघड्या टपाची, ४२७ घनइंच इंजिनाची, तीन कार्ब्युरेटरवाली, ४३५ हॉर्सपॉवरची. १ लाख १८ हजार डॉलर मोजले. गाडी खरी आहे, पण इंजिन तिचं नाही.

१९५३ मध्ये कॉर्व्हेट आली तेव्हा फ्लिंटच्या कारखान्यात फक्त ३०० बनल्या, सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. तिच्यात खरा दम आला तो पुढे, व्ही-८ इंजिन आणि झोरा आर्कस-डंटोव्ह या इंजिनिअरमुळे. १९६३ ला स्टिंग रे निघाली. १९६७ हे त्या घडणीचं शेवटचं वर्ष. त्या वर्षीच्या २२,९४० गाड्यांत माझ्यासारख्या ४३५ वाल्या ३,७५४. म्हणून साध्या ३२७ च्या गाडीत कुठूनतरी आणलेलं ४२७ बसवतात, फुगीर बॉनेट चढवतात आणि किंमत कुठल्या कुठे नेतात.

सगळा भाव 'मॅचिंग नंबर्स' या दोन शब्दांवर ठरतो. कारखान्यात बसवलेलंच इंजिन आजही गाडीत आहे, असा त्याचा अर्थ. इंजिन ब्लॉकच्या पुढच्या टोकाला, पॅसेंजरच्या बाजूने, एक छोटी सपाट जागा असते. तिथे गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग आणि इंजिन जोडल्याची तारीख ठोकलेली असते. ग्लव्हबॉक्सखालच्या पाटीशी मी तो नंबर ताडून पाहिला. आकडा न आकडा जुळला. शेजारी टी०२१३जेई, म्हणजे टोनावांडाच्या कारखान्यात १३ फेब्रुवारीला जोडलेलं ४३५ वालं इंजिन. गाडीत मुळात काय काय बसवलं होतं ते सांगणारा, पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला कारखान्याचा कागद मागितला, तर "टाकी बदलली तेव्हा गेला," विकणारा म्हणाला. मला ते पटलं. माणूस बोलायला इतका साधा होता!

डिसेंबरात या गाड्यांचं परीक्षण करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना बोलावलं. त्यांनी नंबर वाचलाच नाही. टॉर्च आडवी धरून ते ती जागा न्याहाळत बसले. कारखान्यात तो भाग ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने कापत, त्यामुळे त्यावर पुढून मागे जाणाऱ्या केसासारख्या समांतर रेघा उठत. माझ्या ब्लॉकवर त्या नव्हत्या, होते ते पॉलिश पेपरचे गोलगोल ओरखडे. ओव्हरहॉल करताना ब्लॉक घासला तरी रेघा जातात, हे खरं. पण मग जुना नंबरही जातो. माझा नंबर मात्र ठसठशीत होता, म्हणजे तो नंतर ठोकलेला.

मग त्यांनी खाली वाकून ब्लॉकच्या अंगावरचा तेलाचा थर फडक्याने पुसला. ओतकामाची तारीख निघाली: डी ५ ७. म्हणजे ५ एप्रिल १९६७. फेब्रुवारीत जोडलेल्या इंजिनाचा ब्लॉक एप्रिलमध्ये ओतलेला! माझ्या पोटात गोळा आला.

विकणारा आता म्हणतो, कागदावर 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलंय. वकिलाच्या मते केसला आधार एकच आहे, 'मॅचिंग नंबर्स' असं लिहून त्याने मला पाठवलेला मेसेज. तो मी पुसला नव्हता. तुम्हीही असा शब्द लेखी घ्या, ओतकामाच्या तारखेचा फोटो मागवा, आणि गाडी स्वतःच्या पैशाने आणलेल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.