कन्नमवार नगर, नव्या टॉवरखालचा गाळा: अक्षय तृतीया ते संक्रांत वापरून झाल्यावरचा अनुभव

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात टॉवरखाली गाळा घ्यावा का हे सध्या बरेच जण विचारतायत, कारण जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट आणि प्रत्येक साइटच्या पत्र्यावर खाली दुकानांची जाहिरात. मी भाड्याने घेतलाय, विकत नाही, आणि चालवतेय म्हणून लिहिते. माझं मॅचिंग सेंटर आहे, ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल-पिको. २०२५ च्या अक्षय तृतीयेला उघडलं आणि आता संक्रांत होऊन गेली, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई सगळं एकदा बघून झालंय.

आधीच सांगते, जागा चांगली आहे आणि मी सोडणार नाहीये. पण जाहिरातीत जी जागा दाखवतात ती अजून चार वर्षांनी होणार आहे आणि भाडं मात्र तिचंच आजपासून मागतात, सगळा अनुभव या एका गोष्टीभोवती फिरतो.

नीट सांगते. कन्नमवार नगर म्हणजे म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगा, छोटी घरं, प्रत्येक घरात माणसं भरपूर. आता सोसायट्या एकेक करून पुनर्विकासात जातायत. ब्रोकर सांगतो एवढे टॉवर येणार, एवढी नवीन कुटुंबं येणार, ते खरंच आहे, येणार. पण त्याच्या आधी काय होतं ते कोणी सांगत नाही. सोसायटी रिकामी होते, लोक बिल्डरकडून भाडं घेऊन दुसरीकडे राहायला जातात, बिल्डिंग पडते, पत्रे लागतात आणि मग टॉवर उभा राहून चावी मिळेपर्यंत ती सगळी घरं तुमच्या गिऱ्हाइकीतून वजा. म्हणजे पुनर्विकासाच्या भागात वस्ती आधी कमी होते आणि मग वाढते. तुम्ही गाळा घेताय तेव्हा तुमच्या आजूबाजूचा भाग यातल्या कुठल्या टप्प्यात आहे यावर सगळं अवलंबून आहे. माझ्या समोरची बिल्डिंग मी घेतलं तेव्हा भरलेली होती, पावसाळ्यानंतर रिकामी झाली, आणि तिथल्या बायका हेच माझं दुपारचं गिऱ्हाईक होतं. मी हे धरून चालले होते म्हणून निभावलं, पण शेजारच्या गाळ्यात एकांनी केकचं दुकान टाकलेलं त्यांना ते झेपलं नाही, दिवाळीनंतर बंद केलं. माणूस मेहनती होता, माल उत्तम होता, फार वाईट वाटलं.

म्हणून गाळा बघायला जाल तर दुपारी ब्रोकरबरोबर जाऊ नका, रात्री नऊच्या सुमारास एकटे जा आणि वर बघा. टॉवरमधल्या किती खिडक्यांत दिवे आहेत, किती बाल्कन्यांत कपडे वाळत आहेत. सगळे फ्लॅट विकले गेलेत हे खरं असतं, पण विकलेल्या फ्लॅटमध्ये कोणी राहतंय असं नाही. इन्व्हेस्टरने घेतलेलं रिकामं घर एक मीटर अस्तरसुद्धा घेत नाही. आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना विचारा की तुमचं कुठवर आलं, नुसती बिल्डरची निवड चाललीय की अ‍ॅग्रीमेंट झालं की घरं खाली करायची नोटीस आली. लोक सांगतात, चहा पाजून सांगतात. ब्रोशरमध्ये नसलेली सगळी माहिती तिथे मिळते.

दुसरं मोठं आमिष म्हणजे रस्ते आणि मेट्रो. १४ जून २०२५ ला विक्रोळीचा पूल सुरू झाला, पश्चिमेचा लालबहादूर शास्त्री मार्ग थेट पूर्व द्रुतगती मार्गाला जोडला गेला, आमच्या सगळ्यांसाठी आनंदाची गोष्ट. मला त्याचा फायदा झाला तो मालाचा, दक्षिण मुंबईतल्या मंगलदास मार्केटचा माल सोडून बाकी जे टेम्पोने पश्चिमेकडून येतं ते आता घाटकोपरला वळसा न घालता येतं. पण पुलावरून आलेली गाडी हायवेला लागते आणि ठाण्याकडे किंवा सायनकडे निघून जाते, ती माझ्या गल्लीत फॉल लावायला वळत नाही. मेट्रो ४ पण तसंच, ती लालबहादूर शास्त्री मार्गावरून जाणारे, म्हणजे रेल्वेच्या पलीकडे पश्चिमेला, आणि कन्नमवार नगर हायवेच्याही पूर्वेला. नकाशावर बोटाने दाखवलं की जवळच वाटतं. छोट्या दुकानाला गिऱ्हाईक पायी येतं. स्टेशनवरून शेअर रिक्षातून उतरून बायका घरी ज्या रस्त्याने चालत जातात, शाळा सुटल्यावर आया मुलांना घेऊन ज्या बाजूने येतात, भाजीवाले जिथे बसतात, तो रस्ता तुमच्यासमोरून जातो का एवढंच बघायचं. रस्त्याची कुठली बाजू हेसुद्धा बघा. संध्याकाळी भाजी घेऊन हातात दोन पिशव्या असलेली बाई समोरच्या फुटपाथवर येत नाही, कितीही सुंदर पाटी लावा.

आता गाळ्याविषयी. पहिली तक्रार काचेची. दर्शनी भागाला निळसर काच दिलेली, दिसायला झकास, पण मॅचिंगच्या धंद्यात हा सत्यानाश, कारण मोरपंखी आत हिरवा दिसतो आणि बाहेर निळा. नवरात्रात नऊ रंगांची झुंबड असताना प्रत्येक बाई तुकडा घेऊन बाहेर उजेडात जायची आणि परत यायची, शेवटी मालकांशी बोलून समोरची एक काच साधी पारदर्शक करून घेतली आणि आत रंग खरा दाखवणारे पांढरे दिवे लावले. कापड, रंग, सोनं, मेकअप असलं काही विकणार असाल तर काचेचा रंग आधी बघा. दुसरं, जोतं उंच. पाणी भरू नये म्हणून उंच घेतलंय ते बरोबरच आहे, पावसाळ्यात आत थेंब आला नाही, याचे पूर्ण मार्क. पण पायऱ्या चढून यायला आजीबाई तयार नसतात आणि नऊवारीचं गिऱ्हाईक आजीबाईच असते, तेव्हा बाजूने कठडा लावून घेतला आणि खाली एक स्टूल ठेवलं, दुकानातली मुलगी खाली जाऊन कापड दाखवते. तिसरं, समोर पार्किंग लागतं. संध्याकाळी सहा ते नऊ ही धंद्याची वेळ आणि नेमक्या तेव्हाच बाइक लावून आर्धा गाळा झाकला जातो. सोसायटीशी अजून बोलणं चालूय.

क्षेत्रफळाचं सांगायचं तर टेप घेऊन जा. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं, आणि पोटमाळा धरून मोठा आकडा सांगायची पद्धत अजून गेलेली नाही. पोटमाळा उपयोगी आहे, माझे सगळे गठ्ठे वर आहेत, पण त्याचं भाडं खालच्या दराने कशाला? बिल्डिंगला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालंय का ते कागद हातात घेऊन बघा. आणि नवीन प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, क्यूआर कोड असायलाच हवा, ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद आणि कागदपत्रं दिसतात. विकत घेणाऱ्यांनी तर ते केल्याशिवाय टोकन देऊच नये.

पैशांचा हिशेब थोडा उलगडून सांगते कारण इथे बरेच जण फक्त भाड्याचा आकडा बघतात. समजा भाडं महिना ४०,०००, डिपॉझिट २ लाख, करार ३ वर्षांचा. मालक जीएसटी नोंदणीवाला असेल, बिल्डर असेल तर असतोच, तर भाड्यावर १८ टक्के, म्हणजे महिन्याला ७,२०० अजून. तुमची स्वतःची नोंदणी नसेल किंवा छोट्या व्यापाऱ्यांच्या कंपोझिशन योजनेत असाल तर ते परत मिळत नाहीत, म्हणजे खरं भाडं ४७,२०० झालं. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकराराची, स्टॅम्प ड्यूटी एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के, वरच्या उदाहरणात १५ लाखांवर ३,७५०, आणि शहरात नोंदणी फी १,०००. हे मोठे खर्च नाहीत, पण करार रजिस्टर करायलाच लागतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा नुसत्या नोटरीवर कोणी भागवत असेल तर ऐकू नका. वर मेंटेनन्स, वर कमर्शिअल वीज. फर्निचर होईपर्यंतचा काळ भाडं माफ मिळतो, मागावा लागतो. मी पहिल्या वर्षी कमी आणि मग चढतं भाडं असं करून घेतलं आणि लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, दोन्ही बाजूंना सारखं ठेवलं, माझ्या मते या भागात याशिवाय सही करू नये, कारण वस्ती वाढल्यावर भाडं वाढलं तर ते रास्त आहे, द्यायला काहीच हरकत नाही.

आता प्रमोशन, ज्यावर मला खरंच मनापासून बोलायचंय. बिल्डरच्या लोकांनी खालच्या गाळ्यांची जी जाहिरात केली त्यात हाय स्ट्रीट, कॉफी पिणारी गोरी जोडपी, टॉवरचं इंग्रजी नाव. इथली माणसं पत्ता सांगताना अजून जुन्या बिल्डिंगचा नंबर सांगतात. टॉवरचं नाव रिक्षावाल्याला माहीत नाही, कुरिअरवाल्याला नाही, समोरच्या काकूंनाही नाही. मी पत्रकावर आणि गुगल मॅपवर जुना बिल्डिंग नंबर आणि जवळची शाळा टाकली तेव्हा लोक सापडत आले. पाटीचा साचापण त्यांनी इंग्रजी ठळक आणि मराठी बारीक असा दिलेला, तो बदलून घेतला, नियमच आहे की देवनागरी मराठी आधी आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, आणि सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. नियम बाजूला ठेवला तरी माझं गिऱ्हाईक मराठी वाचतं, मग त्यांना वाचता येईल अशी पाटी नको का?

चाललं काय ते सांगते. पेपरात पत्रक टाकणं अजून चालतं, फक्त रविवारी टाकू नका, गठ्ठ्यात हरवतं. गणेशोत्सव मंडळाच्या कमानीवर जाहिरात दिली, त्याने गिऱ्हाईक मोजता येण्यासारखं आलं नाही पण मंडळाची मुलं ओळखायला लागली आणि त्यांच्या आया आल्या. सोसायट्यांच्या महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवरात्राच्या रंगांप्रमाणे कापडांचे फोटो आदल्या दिवशी टाकायचे, हे सगळ्यात जोरात गेलं. आणि संक्रांतीला आम्ही गाळ्यांतल्या चार दुकानांनी मिळून हळदीकुंकू केलं, फार्मसीवाले, टेलर ताई, पीठगिरणी आणि मी, वाण प्रत्येकाने आपापल्या दुकानातलं दिलं. घाटकोपरला नाहीतर दादरला जाणाऱ्या कितीतरी बायका त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या ओळीत आल्या आणि म्हणाल्या, अगं हे सगळं इथे मिळतं होय! एकट्या दुकानाची जाहिरात करून नव्या भागात लोक वळत नाहीत, एका फेरीत तीन कामं होतात हे कळलं की वळतात. मालकांनी हॉर्डिंगचा खर्च कमी करून पहिल्या वर्षी ओळीत कोणकोण दुकानदार बसतायत इकडे लक्ष दिलं, एकाच प्रकारच्या तीन दुकानांना गाळे दिले नाहीत, तर त्यांचे उरलेले गाळे आपोआप जातील, मी त्यांना हे तोंडावर सांगितलंय.

आज घडीला दुकान स्वतःचं भाडं आणि दोन मुलींचे पगार काढून थोडं उरवतं. रिकामी झालेली समोरची बिल्डिंग परत भरेल तेव्हा गणित वेगळं होईल, पण त्या भरवशावर आज कर्ज काढू नका.

केकवाल्यांचा गाळा अजून रिकामा आहे. टिकलीबांगडी-इमिटेशन ज्वेलरी किंवा चपलांचं दुकान कोणी टाकणार असेल तर आमच्या ओळीत नक्की चालेल, बायका रोज विचारतात. हॉटेल टाकू नका, धुराड्याची सोय नाहीये.