जाहिरात की मैदान?

अमेरिकी सरकारने १९९८ पासून पोरांना ड्रग्जपासून, त्यातही गांजापासून दूर ठेवायला जाहिरातींवर अब्जाहून जास्त डॉलर ओतले. हेरॉइनविरोधी एका जाहिरातीत मुलगी फ्राइंग पॅन आपटून अंडं (म्हणजे मेंदू) फोडते, मग सगळं स्वयंपाकघरच! लक्षात राहते, हे खरं. पण सरकारनेच करवून घेतलेल्या मूल्यमापनात गांजा कमी झाल्याचं काही दिसलं नाही.

आइसलंडने वेगळी वाट धरली. खेळ-संगीताच्या क्लासला अनुदान, हिवाळ्यात १३ ते १६ वयाच्या पोरांना रात्री दहानंतर बाहेर हिंडायला बंदी, वर आईबापांची गस्त. गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलो असं सांगणारी १५-१६ वर्षांची मुलं १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५. देश चिमुकला, मान्य. तरी माझ्या करातला रुपया मी मैदानालाच देईन.