पीएफसेन्स फायरवॉल : चुकलेला व्हीपीएन सर्व्हर काढून टाकताना

फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमधली ये-जा नियमांनुसार अडवणारी किंवा सोडणारी यंत्रणा, निवडताना नवी जोडणी किती झटपट होते एवढेच बहुतेकजण पाहतात. पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरचे गुणदोष मात्र बिघडलेली मांडणी मोडताना अधिक स्पष्ट दिसतात. आमच्या कार्यालयात आधीच्या कंत्राटदाराने ओपनव्हीपीएनचा (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे येण्याची व्हीपीएन सोय) विझार्ड, म्हणजे पायरीपायरीने मांडणी करून देणारा मदतनीस, पुन्हा पुन्हा चालवून ११९४ आणि ११९५ या पोर्टांवर दोन सर्व्हर उभे केले होते. कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवरील फाइल एका सीएची (सर्टिफिकेटांवर सही करणारा प्राधिकारी) आणि चालू सर्व्हरचे सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दुसऱ्याच सीएचे, असा कारभार असल्यावर जोडणी होणार तरी कशी?

विझार्ड एका फेरीत सीए, सर्टिफिकेट, सर्व्हर आणि सांगितल्यास फायरवॉलचे नियमही तयार करतो. हे सारे काढून टाकणारी सोय मात्र त्यात नाही. सर्व्हर डिलीट केला तरी वॅनवर (इंटरनेटकडच्या बाजूला) पोर्ट उघडे ठेवणारा नियम, ओपनव्हीपीएन टॅबवरील नियम, सर्टिफिकेटे आणि युजर जागच्या जागी राहतात. नियमांच्या वर्णनात ‘विझार्ड’ असे लिहिलेले असते म्हणून ते निदान ओळखू येतात. सर्व्हरला स्वतंत्र इंटरफेस (नेटवर्कचा जोडबिंदू) नेमलेला असेल, तर तो आधी मोकळा केल्याशिवाय सर्व्हर डिलीटच होत नाही. ही अडवणूक वाटली तरी योग्य आहे, कारण एरवी त्या इंटरफेसचे नियम नुसतेच लोंबकळत राहिले असते. सर्टिफिकेटांच्या यादीत कोणते कुठे वापरात आहे हे दाखवणारा रकाना आहे, आणि वापरातील सर्टिफिकेट डिलीट करता येत नाही. आउटबाउंड नॅट (बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचे पत्ते बदलण्याची सोय) मॅन्युअल ठेवलेले असल्यास तेथील ओळी मात्र आपणच शोधाव्या लागतात.

सर्वांत उपयोगी पडतो तो कॉन्फिगरेशनचा इतिहास. कोणत्याही दोन नोंदींतील फरक ओळीनिशी पाहता येतो आणि हवी ती नोंद परत आणता येते. अर्थात ती अख्खी परत येते, त्यामुळे नंतर केलेले इतर बदलही पुसले जातात. जुन्या चुकीसाठी म्हणूनच हाताने साफसफाई करणे बरे, तेही पूर्ण बॅकअप उतरवून आणि लॅनवर, म्हणजे कार्यालयातल्याच नेटवर्कवर, बसून, कारण ज्या व्हीपीएनवरून आत आलो तोच डिलीट करणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. नियम काढल्यावर जुनी स्टेट्सही (चालू जोडण्यांच्या नोंदी) साफ करावीत, अन्यथा आधीच सुरू असलेली जोडणी तशीच चालू राहते. फायरवॉलचे वेब पान उघडेनासे झालेच, तर कन्सोलवरील (यंत्राला थेट जोडलेल्या पडद्यावरील) १५ क्रमांकाच्या पर्यायातून अलीकडचे कॉन्फिगरेशन परत आणता येते, आणि एवढ्या एका सोयीसाठी मी विझार्डचा अर्धवटपणा माफ करायला तयार आहे.