दरमहा येणारं पेपरक्राफ्ट किट की सुटं सामान?

किटमध्ये रंगसंगती जुळवलेली असते, बरेचसे आकार आधीच कापलेले असतात आणि कागद योग्य जाडीचा मिळतो. नवशिक्यासाठी हे शेवटचं फार मोलाचं. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद ग्रीटिंग कार्डाला लुळा पडतो; तिथे २५० जीएसएमच्या आसपासचा कार्डस्टॉक, म्हणजे जाड, ताठ कागद लागतो, आणि घडीच्या जागी आधी दाबून रेघ ओढली नाही तर तो तडकतो. किट हाताळताना हे आपोआप कळत जातं.

सुट्या सामानात कटर, कटिंग मॅट, स्टीलची पट्टी यांचा खर्च सुरुवातीला एकदम अंगावर येतो. पण मॅट आणि पट्टी वर्षानुवर्षं टिकतात. किटचे पैसे मात्र दर महिन्याला जातात, हात लागो न लागो. माझं मत विचाराल तर दोन-तीन महिने किट घ्या, हात बसला की बंद करा. मागच्या महिन्याचा खोका अजून उघडलाच नसेल, तर आजच बंद करा.