रंग न घालता रेटिनातल्या चेतापेशी : डायनॅमिक फुल-फील्ड ओसीटी आठ महिने वापरल्यानंतर

डायनॅमिक फुल-फील्ड ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या व्यतिकरणातून ऊतकाच्या आतली एकेक पातळी टिपणारं हे यंत्र, पेशी दाखवत नाही, पेशीच्या आत चाललेली हालचाल दाखवतं. आठ महिन्यांच्या वापरात आलेल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच सापडलं, म्हणून हे आधी सांगितलेलं बरं.

गँग्लियन पेशी, म्हणजे रेटिनाकडून मेंदूकडे संकेत नेणाऱ्या चेतापेशी, जवळजवळ पारदर्शक असतात. असायलाच हव्यात, कारण प्रकाश त्यांच्यातून आरपार जाऊनच मागच्या प्रकाशग्राही पेशींपर्यंत पोचतो. त्यामुळे साध्या स्टॅटिक चित्रात चेतातंतूंच्या जुड्या तारांसारख्या लखलखतात आणि त्यांच्याखालच्या पेशींच्या जागी नुसता करडा गाळ दिसतो. डायनॅमिक पद्धतीत त्याच पातळीच्या ५१२ फ्रेम्स १०० हर्ट्झने घेतल्या जातात, म्हणजे ५.१२ सेकंदांचं काम. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया आणि पुटिका (बारीक पिशव्या) सरकत राहिल्यामुळे प्रत्येक पिक्सेल लुकलुकतो. लुकलुक किती मोठी यावर उजळपणा ठरतो, सरासरी वारंवारतेवर रंग (निळा संथ, लाल जलद), आणि वारंवारता एकवटलेली की विखुरलेली यावर रंगाचा गडदपणा. २०१७ साली अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (डोळ्यातल्या प्रकाशीय दोषांची भरपाई करणाऱ्या) ओसीटीने जिवंत माणसाच्या डोळ्यात गँग्लियन पेशी सुट्या दिसल्या, तेव्हाही पेशींतल्या याच हालचालीची मदत झाली होती.

आमची जोडणी उलट्या धाटणीची आहे, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह नमुन्याच्या खाली : लिनिक व्यतिकरणमापी (दोन्ही बाजूंना सारखं ऑब्जेक्टिव्ह असलेला), ३०एक्सची १.०५ न्यूमेरिकल ॲपर्चरची दोन सारखी सिलिकॉन ऑइल ऑब्जेक्टिव्ह, ६६० नॅनोमीटरचा एलईडी, त्याचा पट्टा सुमारे २० नॅनोमीटर. एका ऑब्जेक्टिव्हसमोर नमुना, दुसऱ्यासमोर कमी परावर्तनाचा आरसा. नमुन्याखाली ०.१७ मिलिमीटरची कव्हरस्लिप असेल तर आरशाच्या बाजूलाही तशीच हवी. ती विसरली की दोन्ही बाजू जुळतच नाहीत आणि सगळे आधी एलईडीवर संशय घेतात.

कॅमेऱ्यात काटकसर करू नका. अंधारातही टिपू शकणारा संवेदनशील कॅमेरा इथे कुचकामी ठरतो, कारण प्रकाशाची इथे टंचाई नसतेच. आरशाकडून येणारा उजेड प्रचंड आणि त्यावर स्वार झालेला पेशीचा संकेत चिमूटभर. पिक्सेलमध्ये ३० हजार इलेक्ट्रॉन मावत असतील तर शॉट नॉइज (प्रकाशाच्या मोजणीतला अटळ चढउतार) साधारण ०.५८ टक्के, २० लाख मावत असतील तर ०.०७ टक्के. गँग्लियन पेशी दिसणं-न दिसणं या फरकात आहे. एलईडी अशा बेताने ठेवा की पिक्सेल ८०-८५ टक्के भरेल. त्याहून वर गेलं की कोपरे संपृक्त होतात आणि चित्रात तिथे शांत, काळे डाग दिसतात. नवखा माणूस त्यांना मेलेल्या पेशी समजतो.

खरा वेळ खातं ते ऊतक. उंदराची रेटिना काढताना काचाभ द्रव शेवटच्या धाग्यापर्यंत निघायला हवा. राहिलेला थर उशीसारखा दबतो, परत फुगतो आणि पाच सेकंदांत पातळी सरकते. चार छेद देऊन पाकळ्या पसरायच्या, गँग्लियन बाजू कव्हरस्लिपकडे, वर सच्छिद्र पॉलीकार्बोनेट पटल आणि त्यावर हलकी कडी. कडी जड झाली तर तंतूंच्या जुड्या चपट्या होतात, हलकी पडली तर रेटिना तरंगते. बायकार्बोनेटचं माध्यम उघड्या हवेत कार्बन डायऑक्साइड गमावतं आणि त्याचा पीएच चढतो. फिनॉल रेड हा पीएचदर्शक रंग असेल तर रंग जांभळट होताना दिसतो. पण टेबलावर कार्बोजेनचे (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचे) बुडबुडे सोडले तर प्रत्येक बुडबुडा चित्रात उमटतो. आधी बाहेर वायू भरून घेतलेलं माध्यम वरच्या बाटलीतून गुरुत्वानेच सोडायचं आणि फ्रेम्स घेताना चिमटा लावायचा, हा तोडगा टिकला. पंपाचे ठोके कोणत्याही गाळणीने पूर्ण जात नाहीत.

कंपनांबद्दल एक तपासणी हवीच. काम संपल्यावर त्याच जागी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड (पेशी मारून ऊतक आहे तसं गोठवणारं द्रावण) घाला, ऊतक स्थिर झालं की तीच पातळी पुन्हा घ्या. पेशी विझायला हव्यात. त्यानंतरही काही चमकत असेल तर ते टेबलाकडून, कॅमेऱ्याच्या पंख्याकडून किंवा वातानुकूलकाकडून आलेलं आहे. बहुतेक वेळा चमकतात त्या तंतूंच्या जुड्याच, कारण तेजस्वी वस्तू काही नॅनोमीटर हलली तरी मोठी लुकलुक तयार होते. ऑप्टिक डिस्कजवळ, जिथे सगळे तंतू एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात, हा त्रास सर्वात जास्त. सिंग्युलर व्हॅल्यू विघटन करून, म्हणजे फ्रेम्सच्या संचाचे गणिती घटक पाडून, पहिले काही घटक काढले की कंपनांमुळे आलेले पट्टे जातात. मात्र हात सैल सोडून काढत सुटलात तर संथ पेशींचा खरा संकेतही त्यांच्याबरोबर जातो. कोणते घटक काढले ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा.

ऊतकात किती खोल पाहतोय याचा हिशोब पुस्तिकेत एका ओळीत उरकला होता, प्रत्यक्षात तो रोज करावा लागतो. सिलिकॉन ऑइलचा अपवर्तनांक सुमारे १.४०, ऊतकाचा १.३७ च्या आसपास. ऑब्जेक्टिव्ह १०० मायक्रॉन पुढे नेलं की नाभीची (फोकसची) पातळी आणि व्यतिकरणाची पातळी यांत ढोबळमानाने ५ मायक्रॉनची फारकत पडते. वरच्या गँग्लियन थरात हे जाणवत नाही, पण आतल्या न्यूक्लियर थरात पोचेपर्यंत चित्र मलूल होतं. आरशाची बाजू दर २०-२५ मायक्रॉनला थोडी सरकवून उजळपणाचा कळस शोधावा. ‘खोल पेशींची हालचाल कमी आहे’ असा निष्कर्ष काढण्याआधी हे केलंय का, ते पाहा.

रंगांचा फसवेपणा मोठा आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक संचासाठी रंगपट्टी आपोआप ताणत असेल तर सोमवारची हिरवी पेशी मंगळवारी निळी दिसते आणि पेशीत काहीच बदललेलं नसतं. वारंवारतेच्या मर्यादा हाताने बांधा. तुलना करायची तर रंगांची नको, मूळ आकड्यांची करा.

साठवणूक : १४४० गुणिले १४४० पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे एका पातळीचे सुमारे २.१ जीबी. एकेका मायक्रॉनने ६० पातळ्या घेतल्या की १२७ जीबी. नुसतं रंगीत चित्र ठेवून कच्च्या फ्रेम्स पुसण्याचा मोह होतो. निदान एक पातळी तरी कच्ची ठेवा, पुढे गाळणी बदलायची झाली तर दुसरा इलाज नाही.

आणि सर्वात मोठी मर्यादा. उंदराच्या गँग्लियन थरातल्या चेतापेशींपैकी निम्म्याहून जास्त गँग्लियन नसतातच, त्या जागा बदललेल्या ॲमाक्राइन पेशी, म्हणजे रेटिनातल्याच दुसऱ्या प्रकारच्या चेतापेशी, असतात. मोठी, २० मायक्रॉनची पेशी दिसली तर बिनधास्त गँग्लियन म्हणावं, पण १० मायक्रॉनवाल्यांचं या चित्रावरून नक्की सांगता येत नाही. मोजणी करायची असेल तर तीच रेटिना नंतर आरबीपीएमएसने (गँग्लियन पेशी ओळखणाऱ्या प्रथिन-खुणेने) रंगवून जुळवावी लागते. स्थिरीकरणात ऊतक आकसतं, तेही सगळीकडे सारखं नाही, म्हणून डायनॅमिक चित्रासोबत स्टॅटिक चित्रही घ्यायचंच. जुळवताना खुणा मिळतात त्या रक्तवाहिन्यांच्या फाट्यांच्या आणि तंतूंच्या जुड्यांच्या, आणि त्या स्टॅटिकमध्येच नीट दिसतात.